बीच कॅटामरान: पाण्यात उतरण्याआधीची दहा मिनिटे का महत्त्वाची?

चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या मंडळींना जेट-स्की, पॅरासेलिंग, बनाना राइड हे प्रकार आता पाठ झाले आहेत. पण समुद्रावर कधीतरी एक वेगळीच होडी दिसते. इंजिन नाही, आवाज नाही. दोन निमुळत्या होड्या, मध्ये ताणलेले कापड आणि वर रंगीत शीड. हीच बीच कॅटामरान. वारा लागला की ती अशी पळते की बघणाऱ्याला वाटते, आपणही एकदा बसून बघावे.

जरूर बसावे. मात्र या होडीचा सगळा भार तीन तारा आणि बोटाच्या पेराएवढ्या खिळ्यांवर असतो. पाण्यात होणाऱ्या अनेक घोळांची सुरुवात वाळूवर, घाईघाईत झालेली असते. त्यामुळे होडी स्वतःची असो वा तासाभरासाठी घेतलेली, निघण्याआधी काय बघायचे हे माहीत असलेले बरे.

नाव तमिळ, होडी कॅलिफोर्नियाची

'कॅटामरान' हा शब्द तमिळमधल्या 'कट्टुमरम'वरून आला. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे झाड किंवा लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे मच्छीमार ओंडके एकत्र बांधून जो तराफा करत, त्याचे हे नाव. पुढे इंग्रजीत ते दोन होड्या जोडलेल्या नावेला चिकटले. तशा जोडहोड्या मूळच्या पॅसिफिक बेटांवरच्या. कोकणातल्या होडीला बाजूला उलांडी असते, तिचे कामही तेच: रुंदी वाढवायची आणि होडी कलंडू द्यायची नाही.

आज किनाऱ्यावर दिसणारा प्रकार लोकप्रिय केला तो कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टर यांनी. १९६८ मध्ये त्यांची 'होबी १४' आली आणि पाठोपाठ 'होबी १६'. या दुसऱ्या होडीच्या आजवर लाखाहून अधिक प्रती तयार झाल्या. २०१० च्या ग्वांगझू आणि २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धांत तिच्या शर्यती होत्या. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास आणि डोलकाठी तब्बल ८ मीटर. म्हणजे होडीपेक्षा काठीच मोठी!

खालच्या दोन पोकळ होड्यांना 'हल' म्हणतात. 'होबी १६'च्या हलच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू सारख्या नसतात. या आकारामुळेच होडी वाऱ्याने आडवी घसरत नाही. पाण्याखाली वेगळी फळी लागत नाही, म्हणून ती थेट वाळूवर चढवता येते. सुकाणूही वाळूला लागले की आपोआप वर उचलले जाते.

डोलकाठी उभी राहते कशी?

काठीचा बुंधा पुढच्या आडव्या दांड्यावर टेकतो आणि तिला तीन तारा धरून ठेवतात. दोन्ही बाजूंना एकेक श्राउड आणि पुढे फोरस्टे. काठी होडीवर मागच्या दिशेने आडवी ठेवायची, बाजूच्या तारा आधी जोडायच्या. मग एकाने मागून उचलत पुढे यायचे आणि दुसऱ्याने पुढून ओढायचे. फोरस्टे जोडून खिळी बसेपर्यंत काठी सोडायची नाही. हे एकट्याचे काम नव्हे.

इथे एक फसवी गोष्ट आहे. 'होबी १६'वर पुढचे छोटे शीड, म्हणजे जिब, पूर्ण ताणले की भार त्याच्या कडेतल्या तारेवर जातो आणि फोरस्टे सैल पडते. नवख्याला वाटते, ही तार बिनकामाची. पण जिब उतरवले की काठीला पुढून धरणारी तीच एक तार उरते. ती नीट जोडलेली नसेल तर ८ मीटरची ॲल्युमिनियमची काठी थेट मागे, माणसे बसतात तिथेच कोसळते.

प्रत्येक तार खिळीने अडकवलेली असते आणि खिळी निसटू नये म्हणून तिच्या टोकाला छोटी गोल कडी असते. दोरी घासून किंवा अडकून ही कडी उघडते, खिळी सरकते आणि काठी पडते. म्हणून जाणकार कडीवर चिकटपट्टीचे दोन वेढे देतात. खर्च काही रुपयांचा, पण काठी वाचते.

काठी उभी करण्याआधी आणि होडी चाकांवरून ढकलण्याआधी वर बघायचे. विजेच्या तारा दिसल्या तर तिथे काठी उभी करायचीच नाही. अशा तारांना काठी लागून अमेरिकेत प्राणघातक अपघात झाले. त्यानंतर तिथे काठीचे वरचे टोक फायबरग्लासचे करण्यात आले. जुन्या होड्यांना पूर्ण ॲल्युमिनियमची काठी असू शकते. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर खांब आणि लोंबत्या वायरी काही कमी नाहीत.

निघण्याआधी काय तपासायचे?

- हलच्या मागच्या टोकाला पाणी काढायचे प्लग असतात. दोन्ही घट्ट लावलेत ना? प्लग विसरला तर हलमध्ये पाणी भरत जाते आणि ते लवकर कळतही नाही.
- तारेचा एखादा पदर तुटून वर आला आहे का? विशेषतः तार जिथे टोकाच्या नळीत शिरते तिथे बघायचे. एक पदर जरी तुटला असेल तरी तार बदलायची.
- सगळ्या खिळ्या आणि कड्या जागेवर आहेत का?
- मधल्या कापडाची, म्हणजे ट्रॅम्पोलिनची शिवण आणि दोऱ्या हाताने ओढून बघायच्या. उन्हाने धागा कुजतो आणि वरून धड दिसतो.
- सुकाणू खाली पडून नीट अडकते का?
- लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात आणि बंद लावलेले हवे.

शीड चढवताना होडीचे तोंड वाऱ्याकडे हवे. बाजूने वारा येत असताना शीड चढवले तर होडी वाळूवरच उलटते.

वारा कुठून आहे?

थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत गोवा-कोकण किनाऱ्यावर पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी तो फिरतो आणि समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा सुरू होतो. सकाळचे पाणी शांत दिसते म्हणून नवखे तेव्हाच निघतात. पण काही बिघडले तर मतलई त्यांना आत खोल समुद्रात नेतो. दुपारचा वारा जोरदार असला तरी बंद पडलेली होडी किनाऱ्याकडे ढकलतो. त्यामुळे शिकण्यासाठी दुपारचा बेताचा वारा चांगला. लाल झेंडा असेल तर मात्र प्रश्नच नाही.

वळताना आणि उलटल्यावर

कॅटामरान सरळ पळते, पण वाऱ्यातून वळताना अडते. हलकी असल्याने तिचा वेग चटकन मरतो. म्हणून वळण घ्यायचे ते वेग असतानाच, आणि सुकाणू एकदम न झटकता. जिब लगेच दुसऱ्या बाजूला न घेता क्षणभर उलट्या वाऱ्यात धरले की ते नाक ढकलून वळवते.

दुसरा धोका नाक बुडण्याचा. जोराच्या वाऱ्यात पुढचे टोक लाटेत घुसले की मागची बाजू उचलली जाते आणि होडी कोलांटी खाते. टोक बुडतेय असे दिसताच सगळ्यांनी मागे सरकायचे आणि शिडाची दोरी सैल सोडायची.

होडी उलटली तरी घाबरायचे नाही आणि तिला सोडून पोहत निघायचे तर मुळीच नाही. माणसाचे डोके लाटांत दिसत नाही, होडी लांबून दिसते. आधी शिडांच्या दोऱ्या मोकळ्या करायच्या. होडीचे नाक वाऱ्याकडे वळवायचे. मग वरच्या हलवरून दोरी टाकून, खालच्या हलवर उभे राहून मागे रेलायचे. वारा शिडाखाली शिरला की होडी उठते. 'होबी १६' उठवायला साधारण दोन मोठ्या माणसांचे वजन लागते. एकट्या सडपातळ माणसाला ते बहुतेक वेळा जमत नाही, म्हणून एकट्याने लांब जाऊ नये.

खारे पाणी, ऊन आणि पावसाळा

परत आल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुवायचे: तारा, कप्प्या, सुकाणूचे सांधे. ॲल्युमिनियम आणि स्टीलची जोड जिथे आहे, तिथे खाऱ्या पाण्याने धातू आतून खाल्ला जातो. काठीवरच्या रिव्हेटांभोवती पांढरी पूड दिसली की समजावे, काम सुरू झाले. शीड फडफडत ठेवायचे नाही, गुंडाळून सावलीत ठेवायचे.

होडी वाळूवरून ओढली तर हलचा तळ झिजतो. रुंद, मऊ चाकांची गाडी वापरावी. हलचा वरचा भाग अंगठ्याने दाबून बघावा. कुठे मऊ लागले तर आतले थर सुटले आहेत असे समजून दुरुस्ती करावी. जमिनीवर असताना प्लग मात्र उघडे ठेवायचे, नाहीतर उन्हात आतली हवा फुगून सांध्यांवर ताण येतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात हौशी होडीनेही पाण्यात जायचे कारण नाही. काठी आडवी करून, होडी भरतीच्या रेषेच्या बरीच वर बांधून ठेवायची. तारा, दोऱ्या, कड्या बदलायला हाच मोकळा वेळ.

भाड्याने बसणाऱ्याला एवढे सगळे करायचे नसते. त्याने होडीवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात: प्लग लावलेत का, तारा आणि कड्या आज पाहिल्यात का, आणि वारा कुठून आहे? ज्याने होडी तपासली आहे तो हात दाखवून सांगेल. ज्याने टाळले, त्याच्या होडीत त्या दिवशी बसू नये.