स्मॅश हिट्स
स्मॅश हिट्स : पॉप संगीताला वाहिलेले, किशोरवयीनांसाठीचे ब्रिटिश नियतकालिक. निक लोगन याने १९७८ मध्ये ते मासिक म्हणून सुरू केले; पुढे ते पाक्षिक झाले. लोकप्रिय गीतांचे संपूर्ण शब्द, रंगीत छायाचित्रे व गायकांच्या खेळकर मुलाखती ही त्याची वैशिष्ट्ये होत. आपल्याकडील चित्रपटगीतांच्या पुस्तिकांप्रमाणेच, ऐकलेले गाणे शब्दशः हाती यावे, ही तरुण श्रोत्यांची गरज त्याने भागविली. ‘पेट शॉप बॉइज’ या वाद्यवृंदामुळे पुढे गाजलेला नील टेनंट त्याच्या संपादकवर्गात होता. १९८९ मध्ये त्याचा खप १० लाखांच्या घरात गेला. मात्र दूरचित्रवाणीच्या संगीतवाहिन्या, भ्रमणध्वनी व इंटरनेट यांवर तीच सामग्री तत्काळ मिळू लागल्याने पंधरवड्याची प्रतीक्षा निरर्थक ठरली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ते बंद पडले.