मित्रिबाहचा एक दशांश अंश

कुवेतच्या वायव्येस, जेथे वाळू आणि खडी यांवाचून दृष्टीला दुसरा विषय नाही, अशा मित्रिबाह नावाच्या ठिकाणी एक हवामानकेंद्र आहे. २१ जुलै २०१६ रोजी तेथील तापमापकाने ५४.० अंश सेल्सिअस अशी नोंद केली, आणि ज्या उपकरणाची दखल तोवर तंत्रज्ञांखेरीज फारशी कोणी घेतली नव्हती, त्याची कैफियत जागतिक हवामान संघटनेच्या तज्ज्ञसमितीपुढे रुजू झाली.

अशा नोंदीचे मोल कळण्यासाठी, ती कशाची नोंद असते हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. कुवेत शहरातल्या रस्त्यावर दुपारी उभ्या असलेल्या मोटारीच्या फलकावर साठीचा आकडा दिसावा आणि त्याचे छायाचित्र हिंदुस्थानातल्या नातलगांकडे तत्काळ रवाना व्हावे, हा प्रकार आता उन्हाळ्याचा वार्षिक विधीच होऊन बसला आहे. पण तो आकडा तापलेल्या पत्र्याचा आणि डांबराचा असतो, हवेचा नव्हे. उन्हात ठेवलेला तापमापक सूर्यकिरण शोषून स्वतःच तापतो आणि स्वतःचेच तापमान सांगतो. म्हणून हवेचे तापमान सावलीत, पांढऱ्या रंगाच्या आणि झडपांतून वारा खेळता ठेवणाऱ्या आवरणात, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर घ्यावे असा दंडक आहे. या पेटीला स्टीव्हन्सनचे नाव आहे. हा थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहे बांधणारा स्कॉटिश अभियंता, आणि कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा पिता. आधुनिक केंद्रांत पाऱ्याच्या जागी बहुधा प्लॅटिनमची तार असते. तार तापली की तिचा विद्युत्-रोध वाढतो. शून्य अंशाला १०० ओहम असलेला रोध ५४ अंशांना सुमारे १२१ ओहम होतो, आणि या एकवीस ओहमांच्या हिशेबावर साऱ्या नोंदीची भिस्त असते.

एवढी उष्णता या मुलखाच्या वाट्याला का यावी, याचे उत्तर केवळ सूर्याच्या प्रखरतेत नाही; विषुववृत्त येथून पुष्कळ दूर आहे. उन्हाळ्यात या भूभागावर वरच्या थरांतील हवा खाली उतरत असते, आणि उतरताना वाढत्या दाबाने, सायकलच्या पंपात कोंडलेली हवा तापावी तशी, किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी तापते. अशा हवेत ढग धरत नाही, आणि जमिनीत ओल नसल्यामुळे बाष्पीभवनात खर्च व्हावयाची सौरऊर्जा माती आणि हवा तापविण्यातच जाते. मराठी वाचकाला अधिक कुतूहल वाटेल ती गोष्ट अशी, की भारतीय मोसमी पावसाच्या ढगांत मुक्त होणारी उष्णता पश्चिमेकडील या अधोगामी प्रवाहाला बळ देते असे हवामानशास्त्रज्ञ मानतात. आषाढात आपल्याकडे पागोळ्या गळत असताना समुद्रापलीकडचे आकाश कोरडेठाक असावे, यात निव्वळ योगायोग नाही. त्यातच ‘शमाल’ हा वायव्येचा वारा इराकच्या सपाटीवरून तापलेली हवा आणि धूळ घेऊन येतो.

तज्ज्ञसमिती सावध होती, आणि सावध असण्यास सबळ कारण होते. लिबियातील अल् अझीझिया येथील १३ सप्टेंबर १९२२ ची ५८ अंशांची नोंद नव्वद वर्षे जागतिक उच्चांक म्हणून पाठ्यपुस्तकांत नांदली. २०१२ साली तिची सनद रद्द झाली, कारण अननुभवी निरीक्षकाने बहुधा तापमापकच चुकीचा वाचला होता. म्हणून मित्रिबाहच्या नोंदीबरोबर खुद्द उपकरणाचीही काटेकोर मापनशास्त्रीय शहानिशा झाली, आणि जून २०१९ मध्ये निवाडा जाहीर झाला: ५३.९ अंश, अधिक-उणे ०.१. त्याच चौकशीत पाकिस्तानातील तुर्बतची २८ मे २०१७ ची नोंद, तीही मूळची ५४.०च, ५३.७ वर आली, आणि तिच्यातील अनिश्चिती अधिक-उणे ०.४ ठरली. आशियातील सर्वोच्च तापमानाचा मान मित्रिबाहला मिळाला. एक दशांश अंश गेला म्हणून कुवेतकरांनी खंत करावी असे मला वाटत नाही. वृत्तपत्रांतला गोल आकडा वजा होऊनच ही नोंद दप्तरी टिकण्याजोगी झाली.

आखातातल्या कामगारवस्त्यांत एक समजूत फार जुनी आहे: पारा पन्नासावर गेला की कायद्याने काम थांबवावे लागते, म्हणून सरकारी खाते खरा आकडा दडपते. ज्या देशाच्या खात्याने चौपन्नाचा आकडा आपणहून जगापुढे मांडला आणि त्याची तपासणी होऊ दिली, त्याच्याविषयी ही शंका टिकणे कठीण आहे. शिवाय कुवेतमधील मनाई तापमापकावर अवलंबूनच नाही. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे, मग त्या दिवशीचा आकडा काहीही असो. या घड्याळी कायद्यात एक उणीव मात्र राहते. ऑगस्टच्या सुमारास वारा आग्नेयेचा झाला की किनाऱ्यावरील हवा बाष्पाने जड होते. तापमान चाळिशीच्या आसपास उतरते खरे, पण घाम वाळत नाही, आणि घाम न वाळता शरीर निवत नाही. अशा दिवशी संध्याकाळी पाचला पहाडावर चढणाऱ्या गवंड्याला मित्रिबाहच्या कोरड्या दुपारीइतकाच धोका असू शकतो, आणि तो मोजण्यासाठी कोरड्या तापमापकाशेजारी ओल्या फडक्याचा दुसरा तापमापक वाचावा लागतो.