नातवाची प्रार्थना आणि आजीचा प्रश्न

आषाढ शुद्ध पौर्णिमा हा महर्षी व्यासांच्या स्मरणाचा दिवस. वेदांची व्यवस्था लावणारे, महाभारत रचणारे आणि अठरा पुराणांचे कर्ते म्हणून परंपरेने ज्यांना वंदिले, त्या व्यासांच्या नावाने आपण या दिवशी आपापल्या गुरूच्या चरणी माथा टेकतो. ज्याने पहिले अक्षर गिरवून घेतले, ज्याने पहिली प्रार्थना मुखी घातली, त्याचे ऋण फिटत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. अशा या मंगल दिवशी एका वेगळ्या प्रकारच्या शाळेविषयी, आणि तेथे कोवळ्या वयाच्या मुलांना काय शिकविले जाते याविषयी, चार शब्द लिहावेत असे वाटले. त्याला निमित्त झाले वारंगा फाट्यावर कानी पडलेले एक लहानसे संभाषण.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा प्रवाशांना चांगला परिचित आहे. नांदेडहून अर्धापूरमार्गे आलेली वाट येथे दुभंगते. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीस जाते, तर दुसरी हदगाव, उमरखेड करीत यवतमाळकडे वळते. गाडीची वाट पाहणारा प्रवासी येथे गरम खिचडी खाल्ल्यावाचून सहसा पुढे जात नाही. अशाच एका सकाळी गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळी बुक्का लावलेली एक वृद्ध माउली सहा-सात वर्षांच्या नातवाला घेऊन तेथे बसली होती. नर्सीला नामदेवरायांच्या दर्शनास ती निघाली होती. खिचडी पुढे येताच नातवाने डोळे मिटले, हात जोडले आणि एका दमात इंग्रजीत काहीसे म्हटले.

“बाळा, कुणाचं रे म्हणलास हे?” आजीने विचारले.

“आजी, सिस्टरनी शिकवलंय. जेवायच्या आधी देवाला थँक्यू म्हणायचं असतं.”

“आन् आपला जेवणाचा श्लोक?”

“तो मला येत नाही. तू शिकवलाच नाहीस.”

आजी काही बोलली नाही. नातवाच्या पाठीवरून तिने हात फिरविला, इतकेच. परंतु तिच्या चेहऱ्यावर उमटलेला प्रश्न आज मराठी मुलखातील कितीतरी भाविक घरांचा प्रश्न आहे. शिस्त चांगली, इंग्रजी चांगले, म्हणून आपण मुलांना सिस्टरांच्या शाळेत घालतो. तेथे आपले मूल नेमके काय शिकते? आणि आपल्या घरचे काय विसरते?

कॅथलिक बालकाचे धर्मशिक्षण

प्रथम कॅथलिक घरातील मुलास काय शिकवितात ते पाहू. त्याचा पहिला धडा म्हणजे क्रुसाची खूण. उजवा हात कपाळी, मग छातीशी, मग दोन्ही खांद्यांना लावून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घ्यावयाचे. त्यानंतर येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांस शिकविलेली स्वर्गातील पित्याची प्रार्थना, मरियेस वंदन करणारी प्रार्थना, श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा आणि सात संस्कार. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह अशी त्या सात संस्कारांची ओळख मुलास लहानपणीच होते. आपल्याकडे सोळा संस्कार मानले आहेत. त्यामुळे ही कल्पना आपणांस मुळीच परकी वाटू नये.

साधारणतः सातव्या-आठव्या वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी सुरू होते. पूर्वी त्यासाठी मूल पुरते मोठे होईपर्यंत थांबत असत. १९१० साली पोप दहावे पायस यांनी, मुलास बरेवाईट कळू लागले, सुमारे सात वर्षांचे झाले, की त्याला हा प्रसाद द्यावा, असे ठरवून दिले. त्यापूर्वी मुलाला पापनिवेदन शिकवितात. दिवसभरातील आपले वर्तन आठवावे, झालेल्या चुकीचे मनापासून वाईट वाटावे, ती पुन्हा न करण्याचा निश्चय करावा, धर्मगुरूंपुढे ती बोलून दाखवावी आणि ते सांगतील ते प्रायश्चित्त घ्यावे, असा हा क्रम आहे. आईचे न ऐकणे, भावाशी भांडणे, खोटे बोलणे ही त्या वयाची पापे. ती स्वतः शोधून काढण्याची सवय मात्र जन्माची शिदोरी ठरते.

याच्या जोडीला दयेची चौदा कृत्ये शिकवितात. सात देहाची, सात आत्म्याची. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, निराश्रितास आसरा, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट, मृतास मूठमाती ही पहिली सात. अज्ञान्यास शिकविणे, दुःखितास धीर देणे, अपराध क्षमा करणे ही दुसऱ्या सातांपैकी काही. शाळेतील वर्षही सणांच्या अंगानेच पुढे सरकते. नाताळात गोठ्याचा देखावा मांडावयाचा, ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत आवडीचा खाऊ सोडून ते पैसे गरिबांसाठी ठेवावयाचे, २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण करावयाचे. पितृपक्ष पाळणाऱ्या घरास या शेवटच्या दिवसाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

घंटा, गाणे आणि सक्ती

आपल्या भूमीत या शिक्षणाचा आरंभ गोव्यात झाला. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्याने फिरत, मुलांना गोळा करीत आणि धर्मतत्त्वे गाऊन पाठ करून घेत. मुलाच्या कानात गाणे गेले की ते घरात पोहोचते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १५५६ साली गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात हिंदुस्थानातील पहिला छापखाना सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी तेथे झेवियर यांची धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली गेली. चर्चलगतच्या शाळांतून मुले प्रार्थना, लेखन-वाचन आणि संगीत शिकू लागली.

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा सत्याचा अपलाप होईल. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती धर्मात वाढविण्यासाठी ताब्यात घेण्याची मुभा दिली. १५६० मध्ये धर्मन्यायालय आले. त्याच सुमारास कुठ्ठाळीचा श्रीमंगेश आणि केळशीची श्रीशांतादुर्गा यांना भक्तांनी खाडीपलीकडे फोंड्याच्या मुलखात नेले. आज आपण प्रियोळला आणि कवळ्याला ज्यांचे दर्शन घेतो, ती ही निर्वासित दैवते होत. सासष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी प्रतिकार केला, त्यात येशूसंघाचे पाच जण मारले गेले आणि पुढे गावच्या पुढाऱ्यांचाही घात करण्यात आला. पालकांच्या संमतीवाचून मुलांना धर्म शिकविणे म्हणजे काय, हे गोव्याने भोगले आहे. वारंगा फाट्यावरील आजीच्या मनातील शंकेची मुळे इतकी खोल गेलेली आहेत.

एका प्रश्नातून झालेले पुराण

याच सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज येशूसंघीय पाद्री होते. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. कुंकळ्ळीत पडलेल्या सहकाऱ्यांचे देह आणून त्यांचा अंत्यविधी करण्याचे काम त्यांच्याच वाट्यास आले होते. चाळीस वर्षांत त्यांनी येथील भाषा अशा आत्मसात केल्या की मराठीचा गोडवा गाणारा पहिला पाश्चात्त्य म्हणून आपले साहित्य त्यांना आजही मानते. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापलेला असला, तरी भाषा मराठी आणि घडण आपल्या पुराणांची आहे.

त्याची जन्मकथा ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. एका रविवारी मुलांचे धर्मशिक्षण चालू असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीगुरूंना विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग वाचण्यासाठी, वेळ सत्कारणी लावण्यासाठी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? लहान मुलांच्या त्या वर्गात एका प्रौढाने बोलून दाखविलेली ती पोकळी होती. पाठांतराने मुलाची जीभ वळते, पण कथा गेली की घर ओस पडते, हे त्या गृहस्थाने नेमके सांगितले. स्टीफन्स यांनी प्रश्न मनावर घेतला आणि उत्तरादाखल ओवीबद्ध पुराण रचले. ज्ञानदेवांपासून चालत आलेल्या छंदाचाच आश्रय त्यांना घ्यावा लागला. व्यासांच्या वाङ्मयप्रकाराचे नाव एका पाद्र्याने आपल्या ग्रंथास दिले, हे व्यासपौर्णिमेस मुद्दाम आठवण्यासारखे आहे.

मुलांसाठीही त्यांनी स्वतंत्र पुस्तक सिद्ध केले. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापलेली ती कोकणी भाषेतील धर्मशिक्षणाची पोथी मुलांना शिकविण्यासाठी संवादरूपाने मांडलेली आहे. एकाने प्रश्न करावा आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे. उपनिषदांपासून गीतेपर्यंत गुरुशिष्यसंवाद ऐकत आलेल्या आपल्या कानांस ही रीत जवळची वाटेल.

आजची शाळा आणि पालकांचा हक्क

तो काळ गेला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, अशी भूमिका घेतली. त्याच परिषदेनंतर उपासनेत लोकभाषा आल्या आणि वसईच्या चर्चमधून मराठी प्रार्थना घुमू लागल्या. त्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादन केले, आणि २०२० च्या जानेवारीत आपल्याच मराठवाड्यात, उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये ते निवर्तले. मराठवाड्यासाठी कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला.

आता आपल्या मुलांविषयी. कॅथलिक शाळेत येणाऱ्या अन्य धर्मीय मुलास वर उल्लेखिलेले धर्मशिक्षण सामान्यतः दिले जात नाही. तो तास कॅथलिक मुलांचा. इतरांसाठी त्या वेळी नीतिशिक्षण किंवा मूल्यशिक्षण असते. खरे बोलावे, रांगेत उभे राहावे, डबा वाटून खावा, चूक झाली तर क्षमा मागावी, हा त्याचा आशय. सकाळची प्रार्थना मात्र सर्वांच्या कानी पडते आणि कानी पडलेले मुलाच्या ओठी येते.

यासंबंधी प्रत्येक पालकाने एक गोष्ट जाणून घ्यावी. आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो, की राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेतील कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. १५५९ च्या त्या राजाज्ञेस स्वतंत्र भारताने दिलेले हे उत्तरच म्हणावयाचे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या, की अन्य धर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि घटनेची उद्देशिका मुलांकडून रोज म्हणवून घ्यावी. तेव्हा शंका असेल तर शाळेत जावे, मुख्याध्यापिकांना आदराने विचारावे. विचारण्याचा हक्क आपला आहे आणि सांगण्याचे कर्तव्य त्यांचे आहे.

कच्चे मडके

एवढे झाल्यावरही आजीचा प्रश्न अर्धाच सुटतो. श्लोक शिकविण्याचे कोणाचे काम होते? शाळेने आपले काम केले. पानावर बसताना कृतज्ञ असावे, हे मुलास शिकविले. घराने आपला श्लोक शिकविला नाही, हा दोष शाळेच्या माथी कसा मारावा? कॅथलिक घरांतही आई-बापच मुलाचे पहिले धर्मगुरू मानले जातात. सायंकाळी सारे कुटुंब एकत्र बसून जपमाळ ओढते, तेव्हाच शाळेतील धडा मुलाच्या अंगी मुरतो. आपल्याकडे दिवेलागणीची ती घटका आता कोठे गेली, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

नामदेवरायांची कथा याच हिंगोली जिल्ह्याची आहे. परंपरेनुसार १२७० साली नर्सीस जन्मलेले नामदेव विठ्ठलाशी बोलत असत. तरी गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटणे मारून पाहिले आणि हे मडके अजून कच्चे आहे, असे सांगितले. गुरूच्या शोधात नामदेव औंढ्यास नागनाथाच्या देवळात आले, तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना संताप आला. विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जेथे जेथे ठेवीत, तेथे तेथे पिंडी प्रकट होई.

ज्याला ही कथा आजीच्या मांडीवर ऐकावयास मिळाली, तो नातू कोणत्याही शाळेत गेला, कोणत्याही भाषेत हात जोडून उभा राहिला, तरी त्याच्या पायाखालची भूमी सुटणार नाही. आणि ज्याला ती मिळालीच नाही, त्याचे मडके कोणतीही शाळा भाजून देऊ शकणार नाही.

हिंगोलीची गाडी आली. गर्दीत वाट काढीत आजीने नातवाला खिडकीशी बसविले. गाडी हलता हलता तिचे शब्द कानी पडले, “आता माझ्यामागं म्हण बरं.” आणि त्या चिमुकल्या आवाजाने अडखळत श्लोकाचे पहिले चरण उचलले. त्या दिवशी पौर्णिमा नव्हती. पण गुरुपूजन घडले.