हेलियमचा शोध आणि आवर्ती नियम : जमखंडी व विजयदुर्गच्या संदर्भात

प्रस्तावना :
मूलद्रव्यांचे गुणधर्म हे त्यांच्या अणुअंकांचे आवर्तीफल असतात, हा आधुनिक आवर्ती नियम होय. या नियमामागे अणूची संरचना कशी उभी आहे, हे हेलियमच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या मूलद्रव्याच्या इतिहासाशी कोल्हापूरच्या पूर्वेकडील जमखंडी व पश्चिमेकडील विजयदुर्ग या दोन स्थळांचा संबंध आहे.

निरीक्षणाचा इतिहास :
नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे आपल्याकडे सांगितले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. दि. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सन यांनी गुंटूर येथून, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी तत्कालीन जमखंडी संस्थानातून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. हर्शेल यांना त्यातील नारिंगी रेषा सोडियमची वाटली. लॉकियर यांनी दि. २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, अशाच रेषा पाहिल्या. सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही रेषा मात्र ५८७.६ नॅनोमीटरवर होती. म्हणून नव्या मूलद्रव्याचा तर्क पुढे आला व ग्रीक भाषेतील सूर्यवाचक शब्दावरून त्यास हेलियम हे नाव मिळाले. लॉकियर विजयदुर्गास आले ते दि. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

आवर्ती नियमापुढील प्रश्न :
मेंडेलीव्ह यांच्या १८६९ च्या सारणीत हेलियमला स्थान नव्हते. १८९५ मध्ये रॅमसे यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजात हा वायू मिळाला. त्याचा अणुभार सुमारे ४, परंतु संयुजा शून्य. आदल्या वर्षी सापडलेल्या ऑरगॉनने तर अणुभाराचा क्रमच मोडला, कारण ऑरगॉन (३९.९५) हा पोटॅशियमपेक्षा (३९.१०) जड आहे. या निष्क्रिय वायूंसाठी सारणीत स्वतंत्र गण निर्माण करावा लागला.

अणुसंरचनेचे उत्तर :
१९१३ मध्ये मोस्ली यांच्या क्ष-किरण प्रयोगांनी अणुअंकाचे महत्त्व सिद्ध केले. ऑरगॉनचा अणुअंक १८ व पोटॅशियमचा १९ असल्याने क्रमातील विसंगती दूर झाली. हेलियमच्या बाह्यतम कवचात बेरिलियमप्रमाणेच दोन इलेक्ट्रॉन असतात. तथापि पहिल्या कवचाची क्षमताच दोन असल्याने हेलियमचे कवच पूर्ण भरते. बेरिलियमचे दुसरे कवच अपूर्ण राहते. म्हणूनच बेरिलियम धातू आहे आणि हेलियमचे स्थान निऑनच्या वर आहे. गुणधर्म केवळ बाह्य इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर नव्हे, तर कवचाच्या पूर्णतेवरही अवलंबून असतात.

समारोप :
नवे वायू सापडल्याने आवर्ती नियम कोसळला नाही. त्याचा आधार अणुभाराऐवजी अणुअंक झाला. वर्गात हेलियम शिकवताना केवळ सोयीची आख्यायिका न सांगता जमखंडीची नारिंगी रेषा प्रथम ओळखताना झालेली चूकही सांगावी. दीड-दोन नॅनोमीटरच्या फरकाकडे काटेकोरपणे पाहिल्यामुळेच नवे मूलद्रव्य हाती आले, हे विद्यार्थ्यांना त्यातून समजेल.