सतरा वर्षांची शिक्षिका

सावित्रीबाई फुले यांची तसबीर आपण सर्वांनी पाहिली आहे. ठसठशीत कुंकू, अंगभर पदर, शांत आणि प्रौढ मुद्रा. त्या तसबिरीमुळे एक गैरसमज होतो. कोणी पोक्त, अनुभवी बाई मोठ्या अधिकाराने शाळा काढून बसली होती, असे वाटू लागते. प्रत्यक्षात ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा भागातील नायगावी जन्मलेली ही मुलगी १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे यांच्या वाड्यात, मुलींना शिकवायला उभी राहिली तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. तिचे यजमान जोतीराव एकवीस वर्षांचे. ती स्वतः लग्नानंतर, त्यांच्याच हाताखाली, अक्षरे गिरवायला शिकली होती. म्हणजे शिकून फार दिवस झालेले नाहीत तोच शिकवायला उभी!

मुलींच्या शाळा त्यापूर्वी नव्हत्या असे नव्हे. अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुंबईत १८२४ सालीच अशी शाळा काढली होती. पण ती परक्यांची, शिवाय धर्मांतराच्या भीतीने लोक दुरून पाहत. पुण्यातील ही शाळा आपल्याच माणसांनी, आपल्याच पेठेत काढली आणि शिकवायला आपल्याच घरातील बाई पाठविली. लोकांना झोंबले ते हे.

शेणगोळ्यांची आणि दगडांची कथा श्रोत्यांना सांगायला नको. वाटेवर लुगडे खराब होई म्हणून सावित्रीबाई दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर नेसत, असे जुन्या आठवणींतून नमूद आहे. ही कथा आपण सहनशीलतेची म्हणून सांगतो. आम्ही कामगारांत वावरणारे, आम्हांला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. मारा जोतीरावांवर न होता या मुलीवर का झाला? शिकवणारी बाई आहे म्हणून चार आईबाप आपल्या मुली पाठवायला धजत. ती एकदा घाबरून घरी बसली की वर्ग आपोआप ओस पडणार, हे विरोधकांनी बरोबर ओळखले होते. संप फोडणारा मालकही व्याख्याने देणाऱ्या पुढाऱ्याच्या मागे लागत नाही. फाटकावर रोज उभे राहणाऱ्या माणसाला तो आधी गाठतो.

विरोध रस्त्यावरचाच नव्हता. १८४९ साली सासऱ्यांनी घर सोडायला सांगितले. गोविंदराव दुष्ट नव्हते. जातभाईंच्या दबावापुढे ते टिकले नाहीत एवढेच. (गिरणीत टाळेबंदी झाली की अशी कितीतरी घरे आम्ही पाहिली आहेत.) नवराबायको नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. त्यांना उस्मान शेख यांनी जागा दिली आणि त्यांच्या घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सामील झाल्या.

आता खऱ्या कामाकडे येऊ. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुली आल्या आठ. पुढे त्या अठ्ठेचाळीस झाल्या. आठांच्या अठ्ठेचाळीस! हा आकडा आम्हांला शेणाच्या कथेपेक्षा मोठा वाटतो. सभेला हजार माणसे जमविता येतात. दरमहा वर्गणी देणारे पन्नास सभासद टिकविणे फार अवघड असते. मुलगी शाळेत येत नाही याची कारणे घराच्या उंबऱ्याआत असतात. पाठचे भावंड कडेवर, पाणी भरायचे, आईला सोवळ्याओवळ्याचा धाक, आजीची ती समजूत की अक्षर शिकलेली बायको विधवा होते. ही कारणे भाषणाने जात नाहीत. कोणीतरी त्या उंबऱ्यावर जाऊन बसावे लागते, आणि ते काम त्या काळी बाईवाचून कोण करणार? त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. शाल त्यांच्या खांद्यावर पडली. वर्गात उभे राहून शिकवणारी मात्र एकवीस वर्षांची सावित्रीबाई होती.

या शिक्षणाचे फळ काय, याचा पुरावा तीन वर्षांतच छापून आला. फुले यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातील, कोवळ्या वयाची मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल तिने त्यात देवालाच विचारला आहे. एवढी धिटाई नुसत्या पाढ्यांनी येत नाही. त्याच वर्षी फुले दांपत्याने शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळाही काढली. दिवसभर घाम गाळणाऱ्याला दिवसा शाळा उपयोगाची नाही, हे साधे गणित होते.

पण देह थकला होता. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून नायगावी माहेरी गेल्या. तेथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र अवश्य वाचावे. महार-मांगांना शिकवून तुम्ही नवराबायको वाळीत पडलात, असे भावाने ऐकविले. बहिणीने त्याला खडसावले: नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस आणि माणसाला मात्र अस्पर्श ठरवतोस? आई ऐकत होती. तिला लेकीचे पटले. याच पत्रात फातिमावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असेही त्या लिहितात. अंथरुणावरून मनात शाळाच.

या शाळांचा शेवट आम्हांला चटका लावतो. १८५७ च्या उठावानंतर युरोपियनांच्या देणग्या आटल्या आणि शाळा खिळखिळ्या झाल्या. पैसा वरून येत होता, तो वरच्यांनी थांबविला. जोतीरावांनी यातून काय घेतले ते १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिसते. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी तेथे केली. म्हणजे मुलीचे शिकणे देणगीदाराच्या मर्जीवर नको, कायद्यावर हवे. ही सक्ती आपल्या मुंबईत प्रथम १९२५ साली एफ आणि जी वॉर्डांत आली. परळ, दादर, माटुंगा हा सगळा कामगारांचा टापू त्यांतच येतो. सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क साऱ्या देशात कायद्याने मिळायला मात्र २००९ साल उजाडावे लागले.

कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात किंवा लालबागच्या चाळीत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी दहावीच्या तोंडावर शाळा सोडते तेव्हा कारण विचारून पाहावे. आईला कामाला जायचे असते, धाकट्याला सांभाळायला कोणी नसते, क्लासची फी एकाच्याच नावे भरता येते आणि ती भावाच्या नावे भरली जाते. हे सारे मुख्याध्यापकांच्या दप्तरात ‘सतत गैरहजर’ या दोन शब्दांत मावते. दप्तर मिटून तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाणारा माणूस प्रत्येक वाडीत एक तरी आहे काय, ही चौकशी आम्ही आमच्या युनियनच्या शाखांपासून सुरू केली आहे.