थेंबाचा माग : गिअरपेटीतील तेलगळती

उभ्या मोटारीखाली जमिनीवर तेलाचे दोन-चार थेंब दिसले, तर त्यांची फारशी चिंता कोणी करीत नाही. परंतु चिखल, ओढे आणि चढउतार यांतून वाट काढणाऱ्या वाहनाच्या बाबतीत हे थेंब म्हणजे वेळीच मिळालेली सूचना होय. ब्रिटनमध्ये तयार झालेले लँड रोव्हर हे अशा वाहनाचे उत्तम उदाहरण आहे. ते १९४८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या मोटार-प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आले. त्याच्या 'सिरीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्या १९८५ पर्यंत तयार होत होत्या.

या गाडीत एकामागोमाग दोन पेट्या असतात. पहिली गिअरपेटी. तिच्यात सुमारे दीड लिटर तेल असते. दुसरी पेटी पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटून देते. तिला ट्रान्स्फर बॉक्स म्हणतात. तिच्यात सुमारे अडीच लिटर तेल मावते. फिरणारी दंतचक्रे हे तेल उडवून सर्व भागांवर शिंपडतात. आता, पेटी कितीही घट्ट बंद केली, तरी फिरता दांडा तिच्याबाहेर यावयासच हवा. दांडा आणि पेटी यांमधील ही फट ऑइल सील नावाचे कडे बुजविते. त्याची रबरी कड एका बारीक स्प्रिंगमुळे दांड्याला चिकटून राहते. काळाच्या ओघात हे रबर कडक होते. दांड्यावर घर्षणाने खाच पडते. आणि तेलाला वाट मिळते.

तथापि प्रत्येक वेळी दोष सीलचाच असतो असे नाही. पेटीतील हवेला ये-जा करण्यासाठी एक लहानसे श्वासछिद्र ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले म्हणजे काय होते? बंद जागेतील हवा २० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांवर गेली, तर तिचा दाब सुमारे एकपंचमांशाने वाढतो. हा वाढीव दाब धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर ढकलू शकतो. उलट, तापलेली पेटी थंड ओढ्यात उतरली, की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलवाटे पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसू लागले, तर आत पाणी शिरले असे समजावे.

गळती शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : थेंब जेथे पडतो, तेथेच तो निसटलेला असतो असे नव्हे. तेल उतारावरून खाली ओघळते आणि वाऱ्याच्या झोताने मागे सरकते. म्हणून पेट्या प्रथम स्वच्छ धुऊन कोरड्या कराव्यात. त्यांवर खडूची भुकटी भुरभुरावी व गाडी काही किलोमीटर चालवून आणावी. भुकटीवर ओला डाग जेथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे उमटला असेल, तेथे गळतीचे मूळ शोधावे.

इंजिन व गिअरपेटी यांच्या सांध्याखालील छिद्रातून तेल ठिबकत असेल, तर त्याचा रंग व वास पाहावा. इंजिनाचे तेल काजळीने काळवंडलेले असते. गिअरचे तेल दाट असून त्याला गंधकाचा उग्र वास येतो. पहिल्या पेटीतील तेल घटले आणि दुसरीतील वाढले, तर दोहोंमधील सील झिजले असावे. अशा वेळी जमिनीवर थेंबही पडत नाही. पण पहिली पेटी मात्र कोरडी होत जाते आणि तिचे बेअरिंग जळण्याची वेळ येते.

सर्वांत घातक गळती ट्रान्स्फर बॉक्सच्या मागच्या टोकाची. या गाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून तेथेच, दांड्यावरील ड्रममध्ये, बसविलेला असतो. ब्रेकचे अस्तर तेलाने भिजले, की चढावर उभी केलेली गाडी घरंगळू लागते.

दुरुस्ती सोप्या गोष्टींपासून सुरू करावी. श्वासछिद्र मोकळे करावे. तेलाची पातळी तपासावी, कारण ते जास्त भरले तरी गळते. सैल बोल्ट आवळावेत. एवढे करूनही गळती थांबली नाही, तरच सील बदलावे. नवे सील बसविताना त्याची कड तेलाच्या बाजूस असावी, तिला वंगण लावावे आणि ते सर्व बाजूंनी सारखे दाबून बसवावे. दांड्यावर खाच असेल, तर तो भाग बदलावा. नाहीतर नवे सीलही लवकरच गळू लागते. तेलात भिजलेले ब्रेकचे अस्तरही बदलणे इष्ट.

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक सावधगिरी अवश्य घ्यावी. मागचे एक चाक जॅकने उचलले, की ते मोकळे फिरू शकते आणि हातब्रेकची पकड नाहीशी होते. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा काढल्यावर तर हातब्रेक उरतच नाही. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवरील चाकांच्या पुढेमागे ठोकळे लावावेत. उचललेली गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम आधारावर टेकवावी, आणि मगच पाना हाती घ्यावा.