विरंगुळा हवाच... बर्फातही आणि घरातही!

परदेशात नोकरीला गेलेल्या मुलामुलींच्या ऑफिसचं वर्णन ऐकलं, की आपल्याकडे बायका तोंडाला पदर लावून हसतात. तिथे म्हणे व्यायामाची खोली असते, टेबल टेनिस असतं, निवांत वाचत बसायला जागा असते. मग कुणीतरी विचारतंच, ‘‘अगं, हे कामाला जातात का खेळायला?’’ या प्रश्नाचं उत्तर हवं असेल, तर जगातल्या सगळ्यात अवघड कामाच्या ठिकाणी डोकावून बघायला हवं. ते ठिकाण म्हणजे अंटार्क्टिका!

मैत्रिणींनो, पृथ्वीच्या दक्षिण टोकावरच्या या बर्फाच्या खंडावर आपल्या देशाची दोन संशोधन केंद्रं आहेत. एक ‘मैत्री’, १९८९ सालापासूनचं आणि दुसरं ‘भारती’, २०१२ सालचं. भारतीची इमारत तर मालवाहतुकीचे १३४ कंटेनर एकमेकांना जोडून उभी केलेली आहे. हिवाळ्यात प्रत्येक केंद्रावर जेमतेम पंचवीस माणसं राहतात. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि झोडपणारे वारे. मैत्रीवर तर जवळजवळ दोन महिने सूर्य उगवतच नाही. समुद्र गोठला की जहाजही येत नाही. कंटाळा आला म्हणून चार दिवस माहेरी जाऊन यावं, अशी काही सोय तिथे नाही!

इथे आपल्या बायकाही गेल्या बरं का. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या १९८३ सालच्या तिसऱ्या मोहिमेत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या या पहिल्या महिला. पुढे ‘इस्रो’च्या मंगला मणी २०१६ साली भारती केंद्रावर गेल्या, तेव्हा त्यांचं वय होतं ५६. चमूत त्या एकट्याच बाई. तरी तब्बल ४०३ दिवस राहून, काम पुरं करूनच परतल्या.

मग अशा ठिकाणी सरकारनं खर्च करून काय काय बांधलं? प्रयोगशाळा तर बांधल्याच. पण त्याच छपराखाली व्यायामशाळा आहे, वाचनालय आहे, सगळ्यांनी मिळून बसायला दिवाणखाना आहे. अमेरिकेच्या थेट दक्षिण ध्रुवावरच्या केंद्रात तर वाद्यं वाजवायची खोली आणि भाज्या उगवायचं छोटं हरितगृहही आहे. २१ जूनच्या सुमारास तिकडे ऐन हिवाळा असतो. त्या दिवशी अंटार्क्टिकावरची सगळी केंद्रं सण साजरा करतात आणि एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. म्हणजे बर्फातली दिवाळीच म्हणा ना!

ही काही चैन नव्हे. महिनोन् महिने अंधार, तीच माणसं, तेच काम असलं की झोप उडते, चिडचिड होते, मन उदास होतं. हे डॉक्टरांनी तपासून पाहिलेलं आहे. मन बिघडलं की हातून चूक होते आणि तिथे एक चूक जिवावर बेतू शकते. म्हणून डिझेल आणि धान्याइतकीच विरंगुळ्याचीही तरतूद करावी लागते.

मला सगळ्यात भावली ती आणखी एक रीत. आपल्या केंद्रांवर स्वयंपाकी असतो, पण हाताखालची मदत, भांडी, झाडलोट हे सगळं पाळीपाळीनं प्रत्येकाच्या वाट्याला येतं. शास्त्रज्ञ असो की डॉक्टर, त्याची पाळी चुकत नाही. काम वाटून घेतलं म्हणूनच संध्याकाळी सगळ्यांना मोकळा वेळ मिळतो.

आता आपल्या घराकडे बघू या. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाकाठी २८९ मिनिटं त्यात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची जातात ८८ मिनिटं. म्हणजे तिचे पावणेपाच तास आणि त्याचा दीड तासही नाही! आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी बाई तर पहाटेपासून फडात राबते, मोळ्या वाहते आणि कोपीवर परत आली की पुन्हा चुलीपुढे बसते. तिच्या विरंगुळ्याची तरतूद कुठल्या खात्यात आहे?

आपल्या आज्यांना ही गोष्ट कळत होती. पंचमीचा झोका, फेर, मंगळागौरीचे खेळ हा विरंगुळाच होता. मात्र तो वर्षातून ठरावीक दिवशी, तोही देवाच्या नावानं मिळायचा. रोजच्या दिवसात बाई घटकाभर टेकली, की अजूनही कुणीतरी विचारतंच, ‘‘काय, काही काम नाही का?’’

मैत्रिणींनो, मोकळा वेळ आकाशातून पडत नाही, काम वाटलं की तो मिळतो. घरात भांड्यांची पाळी लावा, मुलीबरोबर मुलाचंही नाव त्यात घाला आणि ह्यांचंही! बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका, अर्धा तास गाणी म्हणा, वाचा, नाहीतर नुसत्या गप्पा मारा. गावच्या वाचनालयात बायकांसाठी एक वेळ राखून मागा. हे मागताना संकोच कशाला? जिथे जीव जगवणं एवढंच मोठं काम आहे, तिथेसुद्धा विरंगुळ्यासाठी खोली बांधतात. आपण तर फक्त अर्धा तास मागतोय!